प्रतापरावांची हरकत

"गावातल्या माणसाला आक्षेप घ्यायचा असला तर कसा घ्यायचा असतो ग, चंदना?" प्रतापरावांनी विचारलं, आणि तिच्या हातातली कॉफी पेल्याबाहेर येऊन बोटांवर सांडली. कॉफी चांगली कढत होती, पण तिनं हात झटकला नाही. तिला पुन्हा एकदा तेच ऐकायचं होतं. तीस वर्षं ज्या माणसानं लोकांच्या हरकती मोडून काढायचं दुकान चालवलं, तो मारतहळ्ळीतल्या तिच्या हॉलमध्ये सोफ्याच्या कडेवर गुडघे जवळ घेऊन बसला होता, आणि पोराचं नाव शाळेत घालायला आलेल्या बापासारखा तोंड पाडून विचारत होता. "तुला ठाऊकच आहे सगळं," ते पुढं म्हणाले, "मी आपला नुसता सह्या करणारा." पेपरातली कन्नड जाहिरात त्यांनी घडी घालून आणली होती. तिम्मनकेरे गाव, सर्व्हे नंबर चौसष्ट, वीस मेगावॅटचा बायोमास वीजप्रकल्प, म्हणजे निलगिरीची लाकडं आणि नारळाच्या करवंट्या जाळून वीज. ज्या कुणाला हरकत असेल त्यानं तीस दिवसांच्या आत लेखी कळवावं. "माझं घर एकसष्टात आहे ग. बाजूलाच. राखेचा डोंगर उभा करतील माझ्या आंब्यांच्या पलीकडे. आणि रिपोर्ट कुणी केलाय सांगू? आपल्याच ऑफिसनं. माझ्याच पोरांनी." चंदनानं ओली बोटं पदराला पुसली. तिला हसू येत होतं. ते दाखवणं बरं दिसलं नसतं, म्हणून ती आत जाऊन बिस्किटं घेऊन आली.

आपलं ऑफिस म्हणजे कोरमंगलात एका बिर्याणीच्या हॉटेलाच्या वर दोन मजले. ज्याला कुठं खेड्यात वीज तयार करायची असेल, पवनचक्क्या उभ्या करायच्या असतील, त्यानं प्रतापरावांकडे यायचं. मग पर्यावरणाचा अहवाल व्हायचा, पेपरात जाहिरात यायची, गावात शामियाना घालून डीसीच्या, म्हणजे कलेक्टरच्या, समोर सुनावणी व्हायची, आणि लोकांची पत्रं गठ्ठ्यानं ऑफिसात यायची. त्या पत्रांचा तक्ता करणं हे चंदनाचं काम. डाव्या रकान्यात हरकत, उजव्या रकान्यात उत्तर. नोकरी सोडेपर्यंत एकोणीस वर्षं तिनं उजवा रकाना लिहिला, आणि खोटं कशाला बोला, त्यात तिचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. कुठलं पत्र कशानं मरतं हे तिला पाकिटाचा हात लागताच कळायचं. आमच्या डोंगराची शोभा जाईल, असं कुणी लिहिलं की संपलं, शोभा मोजता येत नाही. जमिनीची किंमत उतरेल, हा खाजगी विषय. एकाच मजकुराच्या तीनशे प्रती आल्या तर त्या मोजायच्या एक. सर्व्हे नंबर नाही, पत्ता नाही, तर पत्रच नाही. रडून लिहिलेल्या पत्रांना ती फार सभ्य उत्तर द्यायची: भावनांची नोंद घेतली. या सगळ्यातून एखादंच पत्र असं यायचं की त्याला उत्तर नसायचं. कुणीतरी म्हातारा शेतकरी लिहायचा की तुमच्या नकाशात जिथं मोकळं रान दाखवलंय तिथून आमच्या तळ्याचं पाणी येतं, येऊन बघा. असं पत्र आलं की ऑफिसात चहा थंड व्हायचा. एकोणीस वर्षांत अशी सात पत्रं आली होती. सातही तिला पाठ होती.

आणि एक आठवं पत्र. ते उत्तर नसलेल्यांपैकी नव्हतं. ते अगदी सहज मरण्यासारखं होतं, म्हणूनच ते तिच्या डोक्यातून अकरा वर्षं गेलं नाही. दोन पानं, रेघांच्या कागदावर, निळ्या शाईत, कन्नडमधे, आणि र काढताना वर दिलेली ती उगाचची गाठ. अप्पांची. मागडीच्या बाजूला त्यांची दीड एकर जमीन होती, एक विहीर, चार फणसाची झाडं, आणि तिथं जायला एक बैलगाडीची वाट. शेजारी विजेचं उपकेंद्र व्हायचं होतं. वीज येऊ दे, अप्पांनी लिहिलं होतं, माझी विजेला हरकत नाही, एवढी वाट तेवढी बंद करू नका, मी म्हातारा माणूस आहे. घरी त्यांनी तिला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. लेकीला ऑफिसात अडचण नको असं त्यांना वाटलं असणार, किंवा लेक हेच काम करते हे त्यांच्या ध्यानातच आलं नसणार, कोण जाणे. गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवताना प्रतापरावांनी अगदी वरच्या पत्रावर अंगठीच्या बोटानं दोनदा टकटक केलं होतं. "हे तुझ्याकडेच असू दे, चंदना," ते म्हणाले होते. वरचं पत्र अप्पांचं होतं. ती टकटक तिनं नंतर कितीदा ऐकली याला हिशोब नाही. पोळ्या लाटताना, बसमधे, सिल्क बोर्डच्या सिग्नलला तासतासभर अडकून पडलेली असताना. त्या माणसाला ठाऊक होतं. त्यानं मुद्दाम ते पत्र वर ठेवलं, ही माझी आहे की बापाची आहे ते बघायला. आणि तिनं काय केलं? तिनं ते पत्र बाजूला काढलं नाही, प्रतापरावांच्या केबिनमधे जाऊन आदळलं नाही. चार वाजता वाचलं, पाच वाजता उजव्या रकान्यात टाईप केलं: मुद्दा प्रकल्पाच्या कक्षेबाहेरचा आहे, नोंद घेतली. घर चालवायचं होतं. सगळ्यांनाच चालवायचं असतं.

वाट बंद झाली. अप्पा वर्षभर लांबून वळसा घालून जात राहिले, मग जायचे थांबले. त्या तक्त्याची एक प्रत नियमाप्रमाणे त्यांच्या घरी गेली होती. शहरातल्याच शिवाजीनगरच्या घरात एका रविवारी सगळे जेवायला बसले असताना त्यांनी भात कालवता कालवता विचारलं, "ते तक्ते असतात, ते तूच करतेस की ग?" ती हो म्हणाली. "भाषा चांगली असते," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी सार वाढून घेतलं. बस, एवढंच. दोन वर्षांनी ते गेले. तिसऱ्या दिवशी प्रतापराव भेटायला आले, खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसले, डोळे पुसले, "फार मोठ्या मनाचा माणूस गेला," म्हणाले. चंदनाला त्या क्षणी त्यांचा हात धरून घराबाहेर काढावंसं वाटलं होतं. तिनं त्यांना कॉफी दिली. कॉफी देणं तिला चांगलं जमतं.

आताही तिनं दुसरा पेला भरून दिला आणि म्हणाली, "काळजी करू नका, अण्णा. मी लिहून देते." प्रतापरावांचे डोळे भरून आले. एक्क्याहत्तर वर्षांचा माणूस, सगळं विकून तिम्मनकेरेला लाल कौलांचं घर बांधून राहिलेला, पाच वर्षांपूर्वी तिथंच बायको गेली, मुलगा दूरदेशी. कीव यावी असंच सगळं होतं, आणि तिला ती येत नव्हती. ते गेल्यावर ती कॉम्प्युटर उघडून बसली आणि तिनं मोठ्या मायेनं एक पत्र लिहायला घेतलं. देखणं आणि हमखास मरणारं. आंब्याच्या मोहोराचा वास लिहिला. पहाटेची शांतता लिहिली. स्वर्गवासी पत्नीला जिथं बसायला आवडायचं तो कट्टा लिहिला. मोर लिहिले. जमिनीचा भाव लिहिला. उजव्या रकान्यात कोण काय टाईप करील ते तिला वाक्यावाक्याला दिसत होतं, आणि त्या वाक्यांची ती चव घेत होती. शेवटी प्रतापरावांना फोन करून तिनं सांगितलं की गावातल्या माणसांच्या सह्याही हव्यात, ह्याच मजकुराच्या प्रती काढा, प्रत्येकाची एक. "एकच मजकूर चालतो?" त्यांनी विचारलं. "एकी दिसते," ती म्हणाली. त्यांना ते फार पटलं. तीस वर्षं धंदा करून ह्या माणसाला एवढंही ठाऊक नाही, याचं तिला जरा आश्चर्य वाटलं, पण ती त्यावर थांबली नाही. माणूस स्वतःच्या घराला आग लागली की गडबडतो, असं तिनं मनाशी म्हटलं.

रविवारी ती त्यांच्या गाडीतून तिम्मनकेरेला गेली. जायचं काही कारण नव्हतं. त्यांचं काय काय जाणार आहे ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. होसकोटे मागे पडलं, द्राक्षांचे मांडव आले, मग निलगिरी, आणि मग एक मोठं उघडं तळं, त्यात पाणी म्हणाल तर म्हशीच्या गुडघ्याएवढं. प्रतापरावांनी घर हौसेनं दाखवलं. गुळगुळीत लाल फरशी, पितळी कड्यांचा झोपाळा, दाराशी सात पायऱ्या. तो कट्टाही होता. ती सगळीकडे हात लावून बघत होती, जसं एखादी बाई दुकानात न घेण्याचं लुगडं बघते. मग प्रतापराव आत जाऊन आडवे झाले आणि ती पायऱ्यांवर बसली. मथुरा तिथं झाडत होती. पस्तिशीची, काळीसावळी, तोंडात सुपारी, घर आणि बाग तीच सांभाळायची. केरसुणी टेकून ती समोर उभी राहिली आणि कन्नडमधे म्हणाली, "अक्का, तुम्ही लिहिलेल्या कागदावर आम्ही बेचाळीस जणांनी सह्या केल्या. या घरच्या यजमानांनी सांगितलं म्हणून केल्या. मला स्वल्प वाचता येतं. मोराचं आहे त्यात. आमच्या केरेचं काही दिसलं नाही." केरे म्हणजे ते तळं. चंदना म्हणाली, "केरेचं काय?" मथुरानं केरसुणीची मूठ पायऱ्यांकडे केली. "ओढा इथून जायचा की. ह्या पायऱ्यांच्या खालून. वरच्या चौसष्ट नंबरातून यायचा, इथून केरेत. माझी सासू इथं कपडे धुवायची. घर बांधताना ट्रॅक्टरनं माती टाकून बुजवला. तेव्हापासून केरे भरली नाही, आमच्या बोरला पाणी नाही. वरचं तेवढं उरलंय. कारखाना झाला की तेही गेलं. ते लिहायचं राहिलं का, अक्का?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शिंप्याकडे एखादं बटण राहिलं का विचारावं तसं ती विचारत होती. चंदना ज्या पायरीवर बसली होती तिथून उठली.

परतीच्या वाटेवर प्रतापराव बोलत होते आणि ती हं हं करत होती. तिला लाज वाटत होती हे खरं, बेचाळीस माणसांना तिनं एका म्हाताऱ्यासाठी खड्ड्यात ढकललं होतं आणि वर एकी दिसते म्हणून सांगितलं होतं. पण लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते इतकं गोड होतं की तिनं गाडीची काच खाली केली. सोमवारी सकाळी तिनं गावाचा जुना सर्व्हे नकाशा काढून आणला. ऑफिसच्या दिवसांतल्या ओळखी अजून शाबूत होत्या. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून तिनं बोट ठेवलं. दुहेरी बारीक रेघ, सरकारी ओढा, चौसष्टच्या मधोमध येऊन एकसष्टच्या पोटातून सरळ तळ्यात. हेच ते, उत्तर नसलेलं. सरकारी ओढा बुजवून कुणालाच काही बांधता येत नाही, कारखान्यालाही नाही आणि लाल कौलांच्या घरालाही नाही. चौसष्टमधे ओढा आहे असं सिद्ध करायचं तर तो एकसष्टमधून कुठं गेला हे सांगावंच लागणार. कारखाना उठेल, त्याच मोजणीत सात पायऱ्या, झोपाळा आणि कट्टा उठेल. हरकत जिंकेल आणि हरकत घेणारा घर हरेल. आणि ती हरकत घेणारा स्वतः प्रतापराव. चंदना टेबलाजवळच्या खुर्चीत बसून मोठ्यांदा हसली. आपण एवढ्या दुष्ट आहोत हे तिला ठाऊक नव्हतं, आणि कळल्यावर वाईटही वाटलं नाही. अकरा वर्षांत एवढा चांगला सोमवार तिला आला नव्हता.

मग तिनं आठ दिवस काम केलं तसं काम तिनं पगारासाठी कधी केलं नव्हतं. मोराचं पत्र फाडून टाकायला सांगितलं. मथुराच्या फोनवर एकेका माणसाला बोलावून घेतलं, त्याचं शेत कुठलं, नंबर कुठला, बोर किती फूट, ओढ्याला पाणी शेवटी कधी पाहिलं, ते त्याच्या तोंडून ऐकलं आणि त्याच्याच बोलीत लिहिलं. बेचाळीस पत्रं, एकासारखं दुसरं नाही. मथुराचं तिनं सगळ्यात शेवटी लिहिलं. "सासूचं नाव घाला," मथुरा म्हणाली, "तिला ओढ्याची जागा पावलापावलानं ठाऊक होती." नाव घातलं. प्रत्येक पत्र संपलं की तिला अप्पांच्या निळ्या शाईची आठवण यायची. तुम्हाला असंच लिहायला हवं होतं अप्पा, वाट कुठल्या नंबरातून जाते, कुठल्या नकाशात आहे, किती माणसं वापरतात, म्हातारा आहे असं लिहून चालत नाही, असं ती मनातल्या मनात त्यांच्यावर चिडायची. एकदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. मग ती पुन्हा प्रतापरावांच्या पत्राकडे वळायची. ते चार पानांचं झालं. पहिल्या पानावर कारखाना, दुसऱ्यावर ओढा, तिसऱ्यावर तळं आणि बोरवेली, चौथ्यावर नकाशाची प्रत. दुसऱ्या पानाच्या मधोमध तिनं लिहिलं की सदर ओढा माझ्या स्वतःच्या मालकीच्या सर्व्हे नंबर एकसष्टमधून वाहत होता व घराच्या बांधकामाच्या वेळी तो मी बुजवला आहे. हे वाक्य तिनं पाच वेळा वाचलं. एक शब्द कमीजास्त करायला जागा नव्हती.

सुनावणीच्या आधी कागद द्यायची मुदत बुधवारी संपत होती. मंगळवारी अकराच्या सुमाराला प्रतापराव आले. येताना शिवाजीनगरहून तिच्या आवडीचे बेकरीतले खोबऱ्याचे दिलपसंद आणले होते. तिला खरं तर थोडी भीती वाटत होती. ते वाचतील, दुसऱ्या पानाशी थांबतील, मान वर करतील आणि त्यांना कळेल. ह्या कळण्यासाठीच तर सगळं होतं. त्यांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, आणि मग तिनं सांगावं की अण्णा, अप्पांचं पत्र आठवतं का, तुम्ही टकटक केलं होतं ते. ते वाक्य ती आठ दिवस घोळवत होती. सही केली नसती तरी चाललं असतं, मथुराचं पत्र पुरेसं होतं. तिनं फाईल त्यांच्यापुढे ठेवली. "वाचून सही करा, अण्णा. प्रत्येक पानावर करायची आहे."

"वाचायचं काय त्यात?" प्रतापराव खिसा चाचपत म्हणाले. "तुझं लिहिलेलं मी कधी वाचलंय ग?"

"कधीच नाही?"

"सांगू का तुला खरं? कधीच नाही. गठ्ठा आला की वरती दोनदा असं ठोकायचं अन् म्हणायचं, हे तुझ्याकडेच असू दे. तुझा तक्ता आला की सही. क्लायंट विचारायचे, सर, तुमचं एकही प्रकरण अडत कसं नाही? मी म्हणायचो, माझी चंदना आहे." ते अगदी कौतुकानं बोलत होते. बोटाची अंगठी त्यांनी टेबलावर दोनदा ठोकूनही दाखवली.

चंदनानं त्या अंगठीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आणि अप्पांचं पत्र?"

"कुणाच्या अप्पांचं?"

"माझ्या."

"तुझ्या अप्पांनी मला पत्र लिहिलं होतं?" प्रतापरावांचा चेहरा एकदम उजळला आणि मग कसनुसा झाला. "कधी ग? मला कुणी दिलं नाही. अय्यो, म्हणजे त्यांना वाटलं असेल मी उत्तरसुद्धा दिलं नाही. काय लिहिलं होतं?"

अकरा वर्षं तिनं ज्या माणसाला मनातल्या मनात रोज उभं केलं होतं, सगळं जाणणारा, मुद्दाम करणारा, तो हा नव्हता. तसा कुणी नव्हताच. त्या खुर्चीत नुसता एक म्हातारा बसला होता, ज्यानं हजारो माणसांची पत्रं न वाचता पुढं सरकवली होती आणि ज्याला रात्री स्वस्थ झोप लागत आली होती. तिला वाटलं होतं की असं काही कळलं तर राग उतरेल. उतरला नाही. जाणूनबुजून केलं असतं तर निदान अप्पांचं पत्र कुणाच्या तरी नजरेला पडलं असं झालं असतं. ह्यानं तर तेवढंही केलं नव्हतं. तिनं फाईल उघडली, पहिलं पान उलटून दुसरं वर केलं आणि त्यांच्यासमोर नीट सरळ करून ठेवलं. "हे एवढं पान तरी वाचा, अण्णा," ती म्हणाली. "तुमच्या घराचं आहे यात." हे तिनं प्रामाणिकपणे म्हटलं, अगदी देवाशपथ.

"चष्मा गाडीत राहिला बघ," प्रतापराव म्हणाले. "असू दे ग. तू लिहिलंयस ना, सरी, झालं." आणि त्यांनी दुसऱ्या पानाच्या खाली सही केली, मोठी, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी. मग पहिल्या पानावर, मग तिसऱ्यावर, मग नकाशावर. नकाशावर सही करताना त्यांचा डावा तळहात एकसष्ट नंबरावर टेकलेला होता. चंदनानं एकेक पान उचलून वाळू दिलं. "उद्या स्वतः जाऊन द्या," ती म्हणाली, "आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका. पोच नसली तर पत्र दिलंच नाही असं होतं."

"जिंकू ना ग आपण?"

"जिंकणार, अण्णा."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फाईल काखेत मारून ते लिफ्टकडे गेले. ती बाल्कनीत आली. खाली ड्रायव्हरनं दार उघडलं, प्रतापरावांनी वर बघून हात हलवला, तिनंही हलवला, आणि गाडी रिंग रोडच्या गर्दीत शिरली. आता झालं. आता बरं वाटायला हवं होतं. टेबलावर दिलपसंदचा पुडा तसाच होता. ती आत येऊन बसली आणि तिनं मनाशी पहिल्यापासून नीट लावून पाहिलं. प्रतापरावांनी वाचलं नव्हतं. क्लायंट तर तक्तासुद्धा वाचत नसत. डीसीच्या ऑफिसात मूळ पत्रं जातच नव्हती. अप्पांची ती दोन पानं सगळ्या जगात एकाच माणसानं वाचली होती, शेवटच्या ओळीपर्यंत, अक्षर ओळखून, दुपारी चार वाजता, आणि मग तासाभरानं उजव्या रकान्यात उत्तर टाईप केलं होतं.